गोधडीच्या जोरावर उभा राहिलेला बायांचा गट



गोधडी कशी होते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे झिजलेले कपडे धुऊन साठवायचे. विटका-फाटका भाग कापून टाकायचा. धड राहिलेले तुकडे जुळवायचे, खाली-वर लुगडं अंथरायचं आणि दुपारची कामं आवरली की दोघी-तिघींनी मिळून धावदोरा घालत जायचं. कुणी तिला गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. तान्ह्या बाळासाठी शिवली की ती दुपटं होते. पण हीच गोधडी विकायची म्हटली, तर तिची किंमत किती लावायची? कापड तर जुनंच, आणि वेळ घरातल्या बाईचा. मग पैसे कशाचे मागायचे, असं आपल्याच घरातलं कुणीतरी म्हणतं.

अमेरिकेतल्या एका भागातल्या शेतमजूर बायांपुढे साठ वर्षांपूर्वी हाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी एकत्र येऊन सहकारी गट काढला. तो १९६६ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे ४६ वर्षं चालला. गोधडी विकून त्यांनी जमीन घेतली, इमारत बांधली, पाळणाघर काढलं. पुढे त्याच भागातल्या गोधड्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. आजच्या भाषणात या गटाची हकिकत आम्ही सांगणार आहोत. त्यांचं सगळंच छान झालं असं नाही. कुठे जमलं आणि कुठे अडलं, हे दोन्ही आपल्या बचत गटांना उपयोगी पडेल.

इर्जिकीवरून पडलेलं नाव

गटाचं नाव होतं फ्रीडम क्विल्टिंग बी. फ्रीडम म्हणजे स्वातंत्र्य. क्विल्ट म्हणजे तिकडची गोधडी. आणि बी हा शब्द तिकडे गावकऱ्यांनी एकत्र जमून एखाद्याचं काम उरकून देण्यासाठी वापरतात. आपल्याकडे इर्जिक असते, सावड असते, तसंच. आज माझ्या शेतात सगळ्यांनी यायचं, उद्या तुझ्या. तेव्हा या नावाचा अर्थ साधारण 'स्वातंत्र्यासाठी गोधडी शिवणाऱ्या बायांची इर्जिक' असा होतो.

तिकडची गोधडी तीन थरांची असते. वरचा थर तुकडे जोडून केलेला, मध्ये कापसाचा पातळ थर आणि खाली अस्तर. हे तीन थर लाकडी चौकटीवर ताणून बसवतात. चौकट कधी छताला दोऱ्यांनी टांगलेली असते. काम करायचं तेव्हा खाली सोडायची आणि झालं की वर ओढून घ्यायची, म्हणजे लहान घरात अडचण नको. चौकटीच्या चारही बाजूंना बाया बसतात आणि तिन्ही थरांतून टाके घालतात. वरचा थर बहुतेक वेळा एकटी बाई आपल्या मनाने जुळवते, पण टाके घालायला शेजारणी येतात. म्हणजे नक्षी एकीची, हात चौघींचे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

नदीच्या वळणावरचं गाव

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा नावाचं राज्य आहे. तिथली जमीन काळी आणि पीक कापसाचं. तिथल्या विलकॉक्स जिल्ह्यात अलाबामा नदी एक मोठं वळण घेते आणि जमिनीला तीन बाजूंनी वेढते. त्या वळणात जीज बेंड नावाचं गाव आहे. जोसेफ जी नावाच्या गोऱ्या जमीनदाराने १८१६ साली तिथे कापसाचा मळा काढला, त्याच्यावरून हे नाव पडलं. मळ्यावर राबायला आफ्रिकी वंशाचे गुलाम होते. १८४५ साली तो मळा पेटवे नावाच्या नातेवाइकाकडे गेला. आजही गावातल्या कितीतरी घरांचं आडनाव पेटवे आहे. आडनाव मालकाचं, वंश मात्र गुलामांचा.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण जमीन मालकाचीच राहिली. मोकळे झालेले लोक त्याच मळ्यावर बटईने कापूस पिकवू लागले. बी-बियाणं, खत, खायचं धान्य सावकाराकडून उधार घ्यायचं आणि कापूस निघाला की फेडायचं. हिशेब सावकाराच्या वहीत. वर्षाच्या शेवटी हातात काही उरत नसे. १९३२ साली उधार देणारा एक व्यापारी वारला. त्याच्या बायकोने वसुली लावली आणि साठेक कुटुंबांच्या घरातलं धान्य, गुरं, अवजारं सगळं उचलून नेलं. तो हिवाळा लोकांनी मदतीच्या शिध्यावर काढला.

अशा घरांमध्ये गोधडी हौसेची नव्हती. फळ्यांच्या भिंतींतून गार वारा यायचा. त्यासाठी भिंतींना वर्तमानपत्रांचे कागद चिकटवत आणि अंगावर चार-चार गोधड्या घेत. कापड कुठलं? शेतात घालून गुडघ्यांवर विरलेल्या पँटी, नवऱ्याचे जुने सदरे, पिठाची आणि खताची पोती. एका बाजूला उन्हाने विटलेला निळा रंग आणि खिसा उसवून काढला की त्याच्याखाली राहिलेला गडद निळा चौकोन, हे दोन्ही त्या गोधड्यांत दिसतं. नमुन्यांना नावं होती. पण बऱ्याच बाया ठरीव नमुना घेऊन त्यात आपल्या मनाने बदल करत आणि ही माझी रीत असं म्हणत.

त्यानंतर एक मोठी गोष्ट घडली. १९३७ च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारने जीज बेंडची जमीन विकत घेतली, कर्ज देऊन घरं बांधली आणि १९४० च्या दशकात तिथल्या कुटुंबांना जमीन विकत दिली. म्हणून या गावातले पुष्कळ लोक स्वतःच्या जमिनीचे मालक झाले. आजूबाजूच्या गावांत मात्र लोक अजून गोऱ्या मालकाच्याच जमिनीवर आणि मालकाच्याच घरात राहत होते. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

मत मागितलं आणि घर गेलं

विलकॉक्स जिल्ह्यात चारपैकी तीनांहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते. तरीही १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यापैकी एकाचंही नाव मतदार यादीत नव्हतं. कायद्याने हक्क होता, पण नोंदवायला गेलं की अवघड परीक्षा घेत, कुणी गोरा माणूस ओळख देईल का असं विचारत, नाहीतर नुसतंच परत पाठवत. नोंदणीचं कार्यालय नदीपलीकडे कॅमडेन गावात. लोक तिकडे नोंदणीसाठी जाऊ लागले आणि १९६२ साली नदीवरची नाव बंद झाली. नावेने काही मिनिटांवर असलेल्या गावाला जायला साठेक किलोमीटरचा वळसा पडू लागला. ती नाव पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं.

फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग जीज बेंडला आले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्काचा नवा कायदा झाला आणि लोक नोंदणीला बाहेर पडले. त्याची शिक्षा लगेच मिळू लागली. ज्याने नाव नोंदवलं त्याला मालकाने जमिनीवरून काढलं. दुकानदाराने उधारी बंद केली. पिढ्यान् पिढ्या ज्या घरात राहिले ते घर आठवड्या-पंधरवड्यात सोडावं लागलं. ज्यांची जमीन स्वतःची होती त्यांना काढता येत नव्हतं. बाकीच्यांचं काय?

या हकालपट्टीच्या नोंदी करत फ्रान्सिस वॉल्टर नावाचे एक गोरे पाद्री तेव्हा त्या भागात फिरत होते. डिसेंबर १९६५ मध्ये एका घरापुढे दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या त्यांना दिसल्या. रंग ठळक आणि जुळणी वेगळीच. त्यांनी गाडी थांबवली. अनोळखी गोरा माणूस उतरलेला पाहून घरातली बाई रानात निघून गेली. त्या काळात तिथे अशी भीती होती. वॉल्टर पुढे ओळखीच्या माणसांना घेऊन परत आले. थोडीशी देणगी मिळवून त्यांनी बायांकडून एकेक गोधडी १० डॉलरला घ्यायला सुरुवात केली. या गोधड्या न्यूयॉर्कला लिलावात विकायच्या आणि जास्तीचे पैसे इथल्याच बायांच्या कामाला लावायचे, असं त्यांनी ठरवलं.

१९६६ च्या मार्चमध्ये गावोगावच्या बाया कॅमडेनच्या एका चर्चमध्ये जमल्या आणि त्यांनी गट स्थापन केला. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला पहिला लिलाव झाला. गोधड्यांना सरासरी १० डॉलरच्या दुपटीहून जास्त भाव आला. ज्यांच्या शिवणीला आजवर कुणी पैशात मोजलं नव्हतं, त्यांना ही मोठीच गोष्ट वाटली असणार.

गट कशासाठी होता

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या. गोधड्या विकायला गट लागतो का? एखादा व्यापारी गावात येऊन गोधड्या घेऊन गेला असता आणि शहरात विकल्या असत्या. पैसे तरीही मिळाले असते. मग सहकारी गटच का?

कारण या बायांचं पोट ज्यांच्या हातात होतं, त्यांच्याच विरोधात त्यांना मत द्यायचं होतं. जमीन, घर, दुकानाची उधारी, घरकामाची नोकरी, सगळं त्याच मोजक्या माणसांकडे. तिथून काढलं तर पुढचा आधार हवा होता. तो आधार बाहेरच्या दुसऱ्या कुणाच्या हातात गेला असता, तर नुसता मालक बदलला असता. म्हणून गट बायांचा, अध्यक्ष त्यांच्यातलीच, हिशेब त्यांचाच, असं ठरलं. मिंडर कोलमन या पहिल्या अध्यक्ष झाल्या. एस्टेल विदरस्पून यांनी व्यवस्थापक म्हणून पुढे अनेक वर्षं गट चालवला. त्या आणि त्यांचे पती नागरी हक्कांच्या चळवळीत आधीपासून होते. बायांना गोळा करणं, पैसे वाटणं, ऑर्डर वेळेवर पाठवणं, आलेल्या पाहुण्यांना समजावून सांगणं, ही सगळी कामं त्यांनी केली.

पहिली काही वर्षं काम घराघरांतून चालायचं. मग गटाने २३ एकर जमीन घेतली. त्यावर १९६९ साली शिवणकामाचं केंद्र उभं राहिलं. त्याला मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव दिलं, कारण त्यांची हत्या आदल्याच वर्षी झाली होती. इमारतीचा आराखडा स्टॅन्ली टायगरमन या शिकागोच्या वास्तुरचनाकाराने केला. आणि २३ एकरांतली काही जमीन, मत नोंदवल्यामुळे बेघर झालेल्या कुटुंबांना गटाने विकत दिली. आम्हाला ही या हकिकतीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. जमीन नसल्यामुळे माणूस किती लाचार होतो हे त्या बायांनी पाहिलं होतं. पैसा आल्यावर त्यांनी पहिल्यांदा जमीन बघितली.

१९७० साली केंद्राजवळ पाळणाघर सुरू झालं. पोरं सांभाळायला कुणी नसेल तर बाई कामावर येणार कशी, हा हिशेब त्यांना कुणी शिकवावा लागला नाही. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या सहकारी संस्थांनी १९६७ साली आपला महासंघ काढला, त्यातही हा गट होता. एकटा गट कर्जासाठी, प्रशिक्षणासाठी, कायद्याच्या सल्ल्यासाठी कुठे जाणार? आपल्याकडे बचत गटांचे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ होतात, त्यामागेही असाच विचार आहे.

ऑर्डर आली, नियम आले

न्यूयॉर्कमध्ये गोधड्यांचं नाव झालं. श्रीमंत घरांची सजावट करणाऱ्यांनी त्या घेतल्या, फॅशनच्या मासिकांत फोटो आले, ब्लूमिंगडेल्ससारख्या मोठ्या दुकानाने माल घेतला. पण दुकानाला एकच एक गोधडी नको असते. त्याला एका मापाच्या, एका नमुन्याच्या, ठरलेल्या रंगांच्या बऱ्याच गोधड्या हव्या असतात. टाके सारखे हवेत, कडा सरळ हव्यात, आणि तारीख पाळायला हवी. अस्वलाच्या पंजासारखा दिसणारा एक जुना नमुना होता, असे काही ठरलेले नमुने गट पुन्हा पुन्हा करू लागला. कापडही घरातलं जुनं न राहता थानातलं नवं आलं.

१९७२ साली सीअर्स या कंपनीची ऑर्डर मिळाली. सीअर्स म्हणजे तेव्हा घरोघर छापील यादी पाठवून माल विकणारी अमेरिकेतली फार मोठी कंपनी. गटाने तिच्यासाठी उशांचे अभ्रे शिवायचे होते. कापड कॉर्डरॉयचं, म्हणजे उभ्या रेघा उठलेलं जाड मखमली कापड. हे काम बरीच वर्षं चाललं. बांधील मजुरी मिळू लागली. ज्या भागात बाईला शेतात कापूस वेचणं किंवा गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी एवढंच काम होतं, तिथे मशीनवर बसून मिळणारी ही मजुरी छोटी गोष्ट नव्हती. कुणाचं घर झालं, कुणाची मुलं शिकली.

पण अभ्रा शिवताना आपल्या मनाने काही करायला वाव नव्हता. एक अभ्रा दुसऱ्यासारखाच हवा. मग बायांनी काय केलं? कापताना उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या घरी नेल्या. तपकिरी, सोनेरी, हिरवा, लाल. घरी स्वतःच्या अंथरुणासाठी त्याच पट्ट्यांच्या गोधड्या त्यांनी आपल्या रीतीने शिवल्या. आज संग्रहालयांत ज्या कॉर्डरॉयच्या गोधड्या पाहायला लोक रांग लावतात, त्या या उरलेल्या कापडाच्या आहेत. कंपनीकडे गेलेले अभ्रे कधीच फाटून गेले असतील.

या दोन्ही गोष्टी आम्ही मुद्दाम शेजारी ठेवतो आहोत. ऑर्डरचं काम वाईट, असं आमचं म्हणणं नाही. ऑर्डर नसती तर पगार नसता. पण गटाची सगळी कमाई एका गिऱ्हाइकावर अवलंबून राहिली, की ते गिऱ्हाईक गेलं की गटही खचतो. पुढे मोठ्या ऑर्डरी आटल्या, स्वस्त तयार माल बाजारात आला, शिवणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या आणि नव्या मुली शहरात गेल्या. एस्टेल विदरस्पून १९९८ साली वारल्या. २०१२ साली गट अधिकृतपणे बंद झाला.

नक्षी कुणाची, नाव कुणाचं

गट उतरणीला लागला होता त्याच काळात दुसरीच गोष्ट घडत होती. विल्यम आर्नेट नावाचे एक कलासंग्राहक १९९० च्या दशकाच्या अखेरीस जीज बेंडला आले आणि घरोघरच्या जुन्या, वापरातल्या गोधड्या विकत घेऊ लागले. दुकानासाठी केलेल्या एकसारख्या गोधड्या त्यांना नको होत्या. आपल्या मनाने शिवलेल्या हव्या होत्या. २००२ साली ह्यूस्टन शहराच्या कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं आणि मग ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेलं. समीक्षकांनी या गोधड्यांची तुलना मोठ्या चित्रकारांच्या चित्रांशी केली. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने जीज बेंडच्या दहा गोधड्यांवर तिकिटं काढली.

आता गोधडीखाली नाव लागलं. अमुक बाई, जन्म अमुक साली, गोधडी अमुक साली शिवली. पूर्वी गटाच्या नावावर माल जाई, तेव्हा कुणी शिवली हे गिऱ्हाइकाला कळत नसे. नाव लागलं याचा आनंद मोठाच होता. पण त्याबरोबर नवे प्रश्न आले. गोधडी एकदा विकली, पैसे मिळाले. मग तिच्या नक्षीचे गालिचे, चादरी, इतर वस्तू निघाल्या तर त्यांचे पैसे कुणाचे? विकत घेतली ती वस्तू, की तिची नक्षीसुद्धा? २००७ साली काही गोधडीकार बायांनी आपल्याला योग्य वाटा मिळाला नाही असं म्हणून कोर्टात दावे केले. समोरच्या बाजूने ते नाकारले. २००८ साली दावे तडजोडीने मिटले.

यातून आपण काय घ्यायचं? एक म्हणजे वस्तू विकणं आणि तिची नक्षी वापरायला देणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. दोन्हींची बोलणी वेगळी आणि कागद वेगळे. आपल्याकडे वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे कुणीही कुठेही काढलेलं चित्र खरं वारली म्हणून विकायला अटकाव करता येतो. पण हे मानांकन त्या भागाच्या, त्या समाजाच्या कलेचं असतं. अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिराला आपली नोंद वेगळी करावी लागते. आणि एखाद्या बाईने स्वतः सुचवलेल्या खास नक्षीचा हक्क हा आणखी वेगळा विषय. मघाशी म्हटलं होतं, नक्षी एकीची आणि हात चौघींचे. गटात हे आधीच बोलून ठेवलं नाही, तर पैसा आल्यावर भांडण होतं.

जीज बेंडच्या बायांनी २००३ साली आपला नवा गट काढला. तिथे गोधडी कुणी शिवली तिचं नाव लागतं. २०२१ पासून गावातल्या बाया मोबाईल आणि इंटरनेटवरून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या किमतीला गोधड्या विकू लागल्या आहेत. उन्हं पडली की गोधड्या दोऱ्यांवर टाकून हवा द्यायची तिथली जुनी रीत आहे. २०२२ पासून त्या रीतीचा गावातच उत्सव भरतो. लांबून लोक येतात, गोधड्या पाहतात, शिवणारीकडूनच विकत घेतात. जुन्या फ्रीडम क्विल्टिंग बीच्या नावाने तिचा वारसा जपणारी संस्थाही आता काम करते आहे.

आपल्या शेजारची कवंदी

ही सगळी हकिकत फार लांबची वाटेल. पण गोव्याच्या खाली, कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी कितीतरी जण घाटावरच्या जंगलात पळून गेले, त्यांचे हे वंशज. त्यांची कोकणी बोली ऐकली तर आपल्याला बरीचशी समजते.

सिद्दी बाया जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. जुन्या साड्यांवर रंगीत तुकडे ठेवत, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने फिरत त्या आत मधोमध येतात. शेवटी चारही कोपऱ्यांना छोट्या घड्यांची फुलं शिवतात. फुलं नसली तर कवंदी उघडी-नागडी राहिली असं मानतात. लहान बाळांसाठी खास कवंदी शिवायची पद्धत आहे. २००४ साली या बायांचाही गोधडीचा सहकारी गट उभा राहिला. गुलामगिरीने एकाच खंडातली माणसं दोन टोकांना नेली आणि दोन्हीकडे बायांनी जुन्या कापडातून ऊब शिवली. गट करून ती विकायची वेळ आली, तेव्हा दोन्हीकडचे प्रश्नही सारखेच निघाले.

पुढच्या बैठकीत बोलायला

तुमचा गट गोधड्या शिवत असेल किंवा पापड, कुरडया, टोपल्या, मातीची भांडी करत असेल. पुढच्या बैठकीत एकदा चार गोष्टींवर बोला.

पहिली गोष्ट, किंमत. वस्तूला लागलेले तास मोजा. गोधडीला लागलेले दिवस वहीत लिहा. गावातल्या एक दिवसाच्या मजुरीने गुणा आणि त्यात दोरा, अस्तर, गाडीभाडं मिळवा. जो आकडा येईल त्याच्या खाली विकायचं असेल तर निदान ते माहीत असून विका.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक. आपला किती माल एकाच दुकानाला किंवा एकाच अधिकाऱ्याच्या ओळखीने जातो? तो उद्या थांबला तर किती महिने निघतील?

तिसरी, नाव आणि नक्षी. वस्तूवर फक्त गटाचं नाव लावायचं, की करणारीचंही? एखादीने नवी नक्षी काढली तर तिला जास्तीचं काही द्यायचं का? बाहेरचा कुणी नक्षी मागायला आला, तर कुणाच्या सहीने द्यायची?

चौथी, नफा कशात घालायचा. अलाबामाच्या बायांनी जमीन घेतली आणि पाळणाघर काढलं, कारण बाईच्या पायातल्या बेड्या कुठे आहेत हे त्यांना माहीत होतं. आपल्या गावात त्या कुठे आहेत? शेड नाही म्हणून पावसाळ्यात काम बंद पडतं का? पोरं कुठे ठेवायची म्हणून तरुण सुना येत नाहीत का? घराच्या, शेताच्या उताऱ्यावर बाईचं नाव नाही म्हणून कर्ज अडतं का? वर्षाच्या शेवटी वाटून टाकण्याआधी हे एकदा मांडून बघा.

बैठकीत काय ठरलं, कशावरून वाद झाला, ते आम्हाला जरूर कळवा. गावात जुनी गोधडी शिवणारी आजी असेल, तर तिच्याकडून नमुन्यांची नावंही लिहून घ्या. तुमच्या पत्रांमधली निवडक पुढच्या भागात आपण ऐकू.

येतो आम्ही. नमस्कार.